मधली खुर्ची

"तुमचं काही हरवलंय का?"

माझा उजवा हात कोपरापर्यंत सोफ्याच्या पोटात होता, गाल रेक्झिनला चिकटलेला, आणि हा प्रश्न डोक्यावरून आला. मी वर पाहिलं. आधी बूट दिसले, मग निळा शर्ट, आणि मग... असो. चेहऱ्याचं नंतर सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, पोरगी पहिल्या फटक्यातच घसरली.

"हरवलं नाही, निसटलंय," मी म्हटलं. "या सोफ्याची स्प्रिंग. तुम्ही मघाशी इथेच बसला होतात ना? टोचली नाही?"

"टोचली. पण मला वाटलं, इथे येणाऱ्यांना मुद्दामच टोचवत असतील."

मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण तो दिवस काही हसण्याचा नव्हता. जागा होती समुपदेशन केंद्राची, दुसरा मजला, प्रतीक्षेची खोली. एका कोपऱ्यात खिडकीपाशी माझी आई, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याच्या मशीनपाशी माझे बाबा. आणि मधल्या सोफ्यात हात घालून मी.

"तुझ्या बाबांना विचार," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुकानाला कुलूप नीट लावलंय का."

"बाबा, कुलूप?"

"तुझ्या आईला सांग, लावलंय."

"लावलंय म्हणतात."

निळ्या शर्टाची मान आईकडे वळली, मग माझ्याकडे, मग बाबांकडे. तो वाकून हळूच म्हणाला, "त्यांना ऐकू येत नाही का?"

"दोघांनाही उत्तम ऐकू येतं."

"मग?"

"मग मी आहे ना," मी म्हटलं, आणि हात झटकून उठले.

आमचं सोफा-खुर्च्या दुरुस्तीचं दुकान आहे. बाबा लाकडी सांगाडा आणि स्प्रिंगा बघतात, आई कापड बेतते आणि शिवते, मी फोम कापते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. एकच लांब टेबल. त्याच्या या टोकाला आई, त्या टोकाला बाबा. गेल्या हिवाळ्यापासून त्यांचं बोलणं बंद. म्हणजे बोलतात खूप, पण सगळं माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना सांग, पाठीची खोळ तयार आहे." "तुझ्या आईला सांग, दिसतेय मला." आणि मी अशी की, आईचा तिखट शब्द बाबांपर्यंत नेताना त्यातलं तिखट काढून टाकायची, बाबांचा तुटक शब्द आईपर्यंत नेताना त्याला जरा गोड करायची. मला वाटायचं, माझ्यामुळेच हे घर टिकलंय.

भांडण कशावरून? तर बाबांनी आईचं जुनं शिलाई मशीन देऊन टाकलं आणि त्या जागी मोटरवर चालणारं नवं कोरं मशीन आणून ठेवलं. आईने त्याला अजून बोटही लावलं नव्हतं. सगळी शिलाई ती हाताने करायची, नाहीतर शेजारच्या टेलरकडे जाऊन. आणि आता महिनाअखेरीला ती मावशीकडे राहायला जाणार होती. पाहुणी म्हणून नाही, कायमची! बॅग भरून कपाटाशेजारी उभी होती. मी पाया पडून, रडून, रुसून दोघांना इथे आणलं होतं. हे जमलं नाही तर आमच्या घराचे दोन तुकडे होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आम्हाला आत बोलावलं.

आत तीन खुर्च्या. मी अर्थातच मधली पकडली. समुपदेशक बाई साठीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज असा मऊ की तो ऐकायला आपणच गप्प व्हावं. त्यांनी आईला विचारलं, "काय होतंय?" मी सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तेही मीच सांगितलं.

बाई चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "हे बघा, मी निवाडा द्यायला बसलेली नाही. बरोबर कोण, चूक कोण, ते माझं काम नाही. तुम्हाला एकमेकांचं ऐकता यावं, एवढंच मी बघते. मला एक सांगा... हे लग्न कितीजणांचं आहे?"

"दोघांचं," मी म्हटलं.

बाई हसल्या. "मग तुम्ही जरा बाहेर बसता का?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! मी बाहेर आले आणि दाराला कान लावला. काही नाही. दाराला आतून फोम लावून वर कापड ताणून बसवलं होतं. काम अगदी चोख होतं, हेच वाईट.

"लवकर सुटलात," निळा शर्ट म्हणाला.

"सुटले नाही, हाकललं मला! मी नसेन तर ती दोघं एकमेकांना काय बोलतील कोण जाणे."

"काय बोलतील?"

"खरं ते बोलतील!" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो जरा सरकला. स्प्रिंग चुकवून बसला. "मी ड्रायव्हिंग शिकवतो," म्हणाला. "गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. नवा होतो तेव्हा समोर मांजर दिसलं तरी दाबायचो. शिकणाऱ्याला वाटायचं, आपल्याला येतंय. परीक्षेत सगळे नापास. कारण पाय कायम माझा, त्यांचा कधी हललाच नव्हता."

"म्हणजे मी ब्रेक दाबते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी कुठे म्हटलं?"

"म्हटलंत!"

"बरं... म्हटलं."

राग आला. खरं सांगते, मस्तपैकी राग आला. आणि त्या रागातही माझ्या लक्षात आलं, की हसताना त्याचा डावा गाल आधी हसतो आणि उजवा मागून येतो. झालं तर मग, चेहऱ्याचं सांगून टाकलं.

"आणि तुम्ही कशासाठी येता?" मी फटकन विचारलं. "बायको कुठेय?"

"बायको नाही. वडील आहेत. खाली गाडीत बसलेत, वर यायला तयार नाहीत." त्याचा आवाज उतरला. "आयुष्यभर बस चालवली त्यांनी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच घरात. ते आधी जेवतात, मी नंतर. दाराचा आवाज आला की कळतं, दुसरा घरी आहे."

"पण मग तुम्ही एकटे येऊन काय उपयोग?"

"मीही हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, घरात दोघंच असाल आणि एक बदलला, तर निम्मं घर बदललं की."

मग दर गुरुवारी हेच. आई-बाबा आत, मी बाहेर, आणि पुढची वेळ त्याची. तो अर्धा तास आधी यायला लागला. मी विचारलं, "इतक्या लवकर का?" तर म्हणे, "वाहतुकीचा काही भरवसा नाही." चार चौक पलीकडे राहतो हा माणूस!

मी अवजारांची पिशवी आणून सोफा उघडला. तो रेक्झिन ताणून धरायचा, मी खिळे ठोकायची. तो कापडाकडे बघायचा सोडून माझ्याकडे बघायचा, की कापड सैल पडायचं.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"कापड धरा म्हणतेय मी, माझा हात नाही."

"अरेच्चा... सॉरी." पण सोडायची घाई काही दिसली नाही. माझीही नव्हती म्हणा.

बाईंनी आई-बाबांना घरचा अभ्यास दिला होता. एकाने बोलायचं. दुसऱ्याने आधी आपण काय ऐकलं ते सांगायचं, आणि मगच उत्तर द्यायचं. मधे मला आणायचं नाही. हाच अभ्यास त्यालाही होता. वडिलांशी करण्याआधी त्याला सराव हवा होता म्हणे.

"सुरू करा," तो म्हणाला.

"तुम्ही आज उशिरा आलात."

"मी ऐकलं ते असं, की तुम्ही माझी वाट बघत होतात."

"असं मी म्हटलंच नाही!"

"नाही? परत सांगा मग."

"तू आज उशिरा आलास."

"मी ऐकलं ते असं..." त्याचा डावा गाल हसला, "की मी आता 'तुम्ही'चा 'तू' झालो."

माझे कान तापले. मी हातोडी उचलली आणि जिथे खिळा नव्हता तिथे ठोकली.

त्याच्याच गाडीत मी शिकायला लागले. पहिल्याच दिवशी समोरून एक सायकलवाला आडवा आला. मी किंचाळले, पाय मारला, गाडी गचका खाऊन थांबली. "बघ, तू ब्रेक दाबलास म्हणून वाचलो!" मी म्हटलं. त्याने आपले दोन्ही पाय दाखवले. मागे घेऊन, सीटखाली दडवून बसला होता, आणि कपाळावर घाम. "मी नाही दाबला. तू दाबलास." मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतका घाबरलेला असूनही ज्याने पाय हलवला नाही, त्या माणसावर माझा जीव जडला, तो तिथे, भर रस्त्यात, मागचे लोक हॉर्न वाजवत असताना.

पण मी त्याला काही बोलले नाही. उलट त्याच संध्याकाळी त्याने "पुढे काय?" असं हळूच विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मी लग्न करणार नाही. कुणाशीच. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना उभी राहतात आणि मधे एक पोर धावत राहतं. मला कुणाला तसं धावायला लावायचं नाही."

त्याने गाडी कडेला थांबवली. मग म्हणाला, "मी ऐकलं ते असं, की तुला भीती वाटतेय." आणि मला घरापर्यंत सोडून गेला. रडू आवरत मी जिना चढले.

घरी तरी कुठे सगळं सुरळीत होतं? अभ्यास करता करता एकदा बाबा उठून गेले. एकदा आईने कात्री आपटली. महिना संपत आला, तशी आईने बॅग कपाटाशेजारून उचलून दाराशी आणून ठेवली. येता-जाता माझा पाय तिला लागायचा.

शेवटच्या गुरुवारी बाईंनी दार उघडून मला बोलावलं. "आज तुम्हीही आत या. पण तुमची खुर्ची भिंतीपाशी. आणि आज काहीही करायचं नाही. बोलायचं नाही, डोळ्यांनी खुणवायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं.

जाताना तो कानाशी पुटपुटला, "हात मांड्यांखाली घेऊन बस. मी पाय असेच धरतो."

आत मधली खुर्ची नव्हती. दोनच, समोरासमोर. आई बोलायला लागली. खाली मान घालून, थांबत थांबत.

"माझं मशीन होतं. लग्नाआधीपासूनचं. त्यावर मी हात बसवला. हिची दुपटी त्यावर शिवली. त्याचा आवाज बदलला की मला कळायचं, सुई बोथट झालीय. एका दुपारी बाहेरून आले, तर जागेवर दुसरंच उभं. मला विचारलंसुद्धा नाही..."

"तुम्ही काय ऐकलंत?" बाईंनी बाबांना विचारलं.

बाबा खाकरले. "ती म्हणते, नवं मशीन तिला आवडलं नाही."

"नाही," आई म्हणाली.

"ती म्हणते... जुनं मशीन फार चांगलं होतं."

"नाही!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगते, तसे डोळे मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. "सांग ना गं तिला," ते म्हणाले, "मी तिच्यासाठीच—"

सगळं माझ्या जिभेवर होतं. अगदी गोड करून, दोघांना पटेल असं. एक वाक्य, आणि बाबा सुटले असते. मी ओठ चावला. हात मांड्यांखाली असे दाबले की बोटं बधिर झाली. बाई काही बोलल्या नाहीत. आई काही बोलली नाही. बाबा माझ्याकडे बघत राहिले, बघत राहिले... आणि मग त्यांना कळलं की इथून काही येणार नाही.

त्यांनी खुर्ची ओढली. आईच्या अगदी समोर. आणि गेल्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदा माझे बाबा माझ्या आईशी बोलले.

"तू म्हणतेस... मी तुला विचारलं नाही."

आईने वर पाहिलं.

"मशीन तुझं, हात तुझे, आणि ठरवलं मी. हेच ना?"

"हो," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. "एवढंच म्हणत होते मी."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. कसलीही सारवासारव नाही. मग त्यांची पाळी आली, तेव्हा ते आपल्या हातांकडे बघत बोलले. "जाड कापड त्या मशीनमधून ओढून ओढून तुझा खांदा गेला. झोपेत कण्हतेस तू. मी पडून ऐकत असतो. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, काही दुखत नाही. म्हणून नाही विचारलं. वाटलं, आणून ठेवतो, खूश होईल."

"अहो..." आई म्हणाली.

अहो! इतके महिने 'तुझे बाबा', 'तुझे बाबा' ऐकत होते मी. तो एक शब्द ऐकला आणि माझं नाक वाहायला लागलं. आणि पुसणार कशाने, हात तर मांड्यांखाली!

"अहो, तुम्ही जागे असायचात?"

"आधी, काय ऐकलंत ते," बाई हळूच म्हणाल्या.

"ऐकलं ते..." आईने पदराने डोळे टिपले. "माझं दुखणं यांना बघवत नव्हतं. आणि मी समजत होते, माझे हात आता पुरे पडत नाहीत, म्हणून यांनी भरभर चालणारं मशीन आणलं. मला वाटलं, मी यांना जुनी झाले."

"अगं, वेडी का तू?" बाबा जवळजवळ ओरडलेच. "तुझ्या हाताची शिलाई या गावात कुणाला येते? मी तर उसवायलासुद्धा घाबरतो!"

आई रडता रडता हसली. बाबाही. बाईंनी शांतपणे कागदी रुमालांचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "आज सगळं झालं असं समजू नका हं. पुढच्या गुरुवारी यायचंच आहे." आई म्हणाली, मावशीकडे ती जाणारच, पण आठवडाभर, बहिणीला भेटायला. आल्यावर मशीन सुरू करू. "मी शिकवतो तुला," बाबा म्हणाले. "तुम्ही?" आई म्हणाली. "तुम्हाला सरळ टीप तरी मारता येते का?" आणि त्यांचं जे सुरू झालं, ते काही थांबेना.

माझ्या अंगात वारं शिरलं होतं. असं वाटत होतं की खांद्यावरून एक अख्खा सोफा कुणीतरी उतरवून घेतलाय. जी गोष्ट होणार नाही म्हणून मी घाबरत होते, ती माझ्या डोळ्यांसमोर झाली होती. बोलणं बंद पडलेली दोन माणसं परत बोलू शकतात! कुणी शिकवलं तर. आणि शिकायची तयारी असली तर. मग मी कशाला घाबरायचं?

मी तशीच बाहेर धावले. तो उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक उंच, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ कठड्याला धरून धापा टाकत होते.

"दुसरा मजला आहे, हे आधी सांगायचं नाही?" ते त्याला म्हणत होते.

वर आले होते! त्याचे वडील वर आले होते! त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याचे डोळे ओले होते, आणि मला पुढचं काही थोपवता आलं नाही.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने, नाक पुसत. "आवडतोस म्हणजे... फार. माझा जीव आहे तुझ्यावर. मी लग्न करणार नाही म्हटलं होतं ना? ते खोटं होतं. मला तुझ्याशी करायचंय. आपण भांडू. मी तर नक्कीच भांडेन. पण बोलणं बंद करणार नाही, कध्धी नाही. करतोस का लग्न?"

त्याने तोंड उघडलं...

"हे काय चाललंय?" मागून आवाज आला. दोन आवाज, एकदम. दारात आई आणि बाबा, खांद्याला खांदा लावून.

"तुम्हाला माहीत होतं?" आईने बाबांना विचारलं.

"मला कोण काय सांगतंय? तुला माहीत असेल!"

"मला असतं तर मी तुम्हाला विचारलं असतं का? बघा तरी, किती बारीक आहे."

"बारीक कुठे? काटक आहे. हात बघ, कामाचे हात आहेत."

"हातावरून काय कळतं तुम्हाला? बोलायला कसा आहे ते बघा आधी."

"ड्रायव्हिंग ठीक करतो," मिश्यावाले काका मधेच म्हणाले. त्याने चमकून वडिलांकडे पाहिलं. "ठीक म्हणजे... चांगलं करतो," ते जरा अडखळत म्हणाले, आणि सोफ्यावर जाऊन ऐसपैस बसले.

मग तिघांनी मिळून आमचं ठरवायला घेतलं. कुठे राहायचं, कधी करायचं, कपाट कुणी द्यायचं... आई बाबांचं वाक्य तोडत होती, बाबा आईचं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघांना माझी काही गरज नव्हती, आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

त्याने माझा हात धरला. कानाशी वाकला आणि म्हणाला, "हो."

"काय?" मी म्हटलं. "या गोंगाटात ऐकू नाही आलं."

स्वच्छ ऐकू आलं होतं. पण चांगलं तीनदा म्हणायला लावलं त्याला.